टाचण्या मोजून ठेवा

बारशाला आठ दिवस झाले होते. रात्री साडेदहाला कल्याणहून भाचीचा फोन आला. "मावशी, तू शिवलेल्या दुपट्यात काहीतरी टोचतंय गं. बाळाच्या मांडीवर ओरखडा उठलाय." बाळ वीस दिवसांचं. त्याचं रडणं फोनमधून ऐकू येत होतं. मी म्हटलं, दुपटं ट्यूबलाइटसमोर धर आणि बोटांनी हळूहळू चाचपत जा. ती तिकडे चाचपत होती, मी इकडे डोंबिवलीत फोन कानाला लावून उभी होते. मग ती म्हणाली, "टाचणी आहे. दोन कापडांच्या मधे आहे, बाहेरून दिसतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच कल्याण गाठलं. डॉक्टरांनी ओरखडा पाहिला, वरवरचा आहे म्हणाले, पुसून मलम लावलं. भाची आणि ताई, दोघीही मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण तेच दुपटं बाळाच्या तोंडाजवळ ओढलं गेलं असतं तर, हे अजूनही माझ्या मनातून जात नाही. घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी हौसेने शिवणाऱ्या बायका ठाण्यापासून बदलापूरपर्यंत घरोघरी आहेत. त्यांतल्या एकीच्या हातूनही हे होऊ नये म्हणून सगळं लिहून काढते आहे.

मी बत्तीस वर्षं शिवते आहे. लग्नात आलेलं पायमशीन अजून चालतं, त्याला मोटर तेवढी नंतर बसवली. ब्लाउज, परकर, पिशव्या, रुखवतातल्या वस्तू सगळं केलं, पण जीव रमतो तो बाळंतविड्यात. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी आणि शेवटी एक गोधडी. मांडीवर मावेल एवढ्या कापडात पूर्ण अंगरखा होतो याचं मला आजही अप्रूप वाटतं. भाचीचं बाळ दोन आठवडे आधी आलं. माझी सहा दुपटी, चार झबली, दोन टोपडी आणि कुंची शिवायची राहिली होती, तरी बारशाच्या आत सगळं झालंच पाहिजे असा मी हट्ट धरला. तशी घाई कुणी केली नव्हती. बारशाच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत मशीन चालू होतं.

टाचणी आत कशी राहिली ते नीट सांगते, कारण ही चूक कुणाच्याही हातून होईल. दुपदरी दुपटं शिवताना दोन्ही कापडांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवतात, कडेने टीप मारतात, वीतभर जागा उघडी ठेवतात आणि तिथून सगळं उलटवून सुलट बाजू बाहेर काढतात. मी मधे ऊब यावी म्हणून जुन्या साडीचा एक थरही घातला होता. थर सरकू नयेत म्हणून कडेला टाचण्या लावल्या, आणि मधोमधही दोन-तीन लावल्या. कडेच्या टाचण्या मशीनसमोर येतात, त्या काढल्याच जातात. मधली टाचणी मात्र कापडाच्या उलट बाजूवर असते, आणि दुपटं उलटवलं की उलट बाजूच आत जाते. वर इस्त्री फिरवली तरी हाताला काही लागत नाही. बाळाने चार वेळा दुपटं ओलं केलं, भाचीने ते चार वेळा धुतलं, पिळलं, तेव्हा ती टाचणी आत फिरून टोक बाहेर आलं.

आता माझ्या डबीत मोजून पंचवीस टाचण्या असतात, सगळ्या लाल डोक्याच्या. मशीनवर बसण्याआधी मोजते आणि उठताना पुन्हा मोजते. चोवीस भरल्या तर उरलेली सापडेपर्यंत ते कपडे घराबाहेर जात नाहीत. एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मशीनच्या खणात ठेवलं आहे, ते तयार कपड्यावरून दोन्ही बाजूंनी फिरवते. पितळी टाचण्या चुंबकाला लागत नाहीत, म्हणून त्या घरातूनच काढून टाकल्या. आणि बाळाच्या कपड्याला मधोमध टाचणी आता लावतच नाही. तिथे रंगीत दोऱ्याचे लांब कच्चे टाके घालते. दोरा विसरला तरी तो कुणाला टोचत नाही.

आपल्या आज्या गोधडी शिवायच्या ती रीत किती शहाणपणाची होती, हे मला त्या टाचणीनंतर कळलं. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे, कच्चे टाके घालायचे, आणि मग वरून सगळ्या थरांतून धावदोरा घालत जायचं. यात काहीही उलटवायचं नसतं. एक हात वर, एक हात खाली, आणि गोधडीचा प्रत्येक बोटभर भाग त्या दोन हातांमधून जातो. आत काही राहिलं असेल तर ते आधी शिवणारणीच्याच बोटाला लागतं.

मशीनची सुई मोडली तर काम तिथेच थांबवा. कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे गोळा करून नोंदवहीत चिकटवायची पद्धत असते, आणि एखादा तुकडा मिळाला नाही तर तो माल पुढे पाठवत नाहीत. तयार कपडे धातू शोधणाऱ्या यंत्रातूनही काढतात. परक्या गिऱ्हाइकासाठी ते एवढं करतात, मग घरच्या बाळासाठी आपण ते का करू नये? सुई मोडते ती बहुतेक वेळा चुकीच्या नंबरामुळे किंवा मागून कापड ओढल्यामुळे. मलमलीला ९ किंवा ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, आणि जीन्सच्या पिशवीला १६ किंवा १८. मी वर्षानुवर्षं एकच १४ नंबर सगळीकडे चालवत होते.

ऑफिसला ठाण्याला जायचे तेव्हा लोकलच्या लेडीज डब्यात हातशिलाई करायचे. डब्यात मटार सोलतात, गजरे ओवतात, तसंच ते. पण दिवा स्टेशनात गर्दीचा लोंढा आत येतो तेव्हा हातातली सुई कुठे जाईल याचा नेम नसतो. प्रवासात क्रोशाचं काम न्या, सुई घरीच ठेवा.

आता कापडाचं. डोंबिवलीहून ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर. फाळणीनंतर इथल्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभ्या केलेल्या या गावात कापड स्वस्त आणि भरपूर मिळतं, आणि तिथे गेलं की माझ्यासारखीचा हात आवरत नाही. बाळंतविड्यासाठी तिथून पांढरी मलमल आणली आणि तशीच बेतली. पाण्यातून काढली नाही, कारण वेळ नव्हता. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, कधी त्याहून जास्त. शिवाय नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या मानेला घासते. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, तीन महिन्यांत तो ४० च्या आसपास जातो, वर्षाला ४६. मी टोपडी शिवली ३८ ची, धुतल्यावर झाली ३६ ची. तीन आठवड्यांत कपाळावर वळ उठायला लागला आणि ती कपाटात गेली. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळत घाला, किंचित दमट असताना इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. टोपडं ४२ चं बेता, मागे सैल चुण्या द्या. झबल्याला आत बोटभर माया ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात उसवून मोठं करता येतं.

पूर्वी बाळाला पहिले काही दिवस जुन्या सुती कपड्याचंच झबलं घालायचे. आजीचं लुगडं किंवा आजोबांचं धोतर त्यासाठी बाजूला ठेवलेलं असे. लोक त्याला माया म्हणत, आणि ती असायचीच. पण शंभर धुण्यांतून गेलेलं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याची खळ निघालेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. आणायचंच असेल तर असं कापड आणा. फक्त ते उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघा. विरलेलं असेल तर शिवण धरत नाही.

रंगाचा मार मला बोरन्हाणाला बसला. संक्रांतीला पुतण्याच्या मुलासाठी काळ्या कापडाचा झगा शिवला, त्यावर हलव्याचे दागिने. हलवा घामाने चिकट झाला, काळा रंग सुटला आणि मुलाच्या मानेवर, काखेत काळे डाग पडले. त्याच्या आईने चार दिवस तेल लावून ते काढले. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, मीही सांगायचे. तयार रंगवलेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. पांढरा रुमाल ओला करून काळ्या कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमाल काळा झाला तर कापड वेगळं भिजवून धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आठ धुण्यांनंतरही रंग येत असेल तर त्याची पिशवी करा. हलव्याचे दागिने उघड्या अंगाला लागणार नाहीत असे झग्यावरच टाका, खाली सुती अस्तर घाला.

आता जे लिहिते ते काही जणींना आवडणार नाही. कुंचीला हनुवटीखाली नाडी असते. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाडी चालत नाही, तसा तिथला नियमच आहे, कारण नाडी कशाततरी अडकून गळा आवळल्याने मुलं गेलेली आहेत. आपल्याकडे बाळ पाळण्यात असतं, झोळीत असतं, आणि नाडी तिथेही अडकू शकते. कुंची मी अजून शिवते, खणाची शिवते, कारण खणाच्या कुंचीतलं बाळ पाहून घरातल्या सगळ्यांचे चेहरे फुलतात. पण नाडी काढून तिथे रुंद पट्टी आणि टिचबटण लावते, आणि देताना सांगते की ही मांडीवर असताना घालायची, झोपवण्याआधी काढायची.

मोहरीची उशी शिवणं मी सोडून दिलं. तीही माझी आवडती भेट होती. धाकटी पुतणी अमेरिकेत न्यू जर्सीला बाळंत झाली तेव्हा मी उशी आणि दुपटी पाठवली. ती म्हणाली, काकू, इथे बाळाच्या अंथरुणात वर्षभर उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी काहीच ठेवू देत नाहीत, बाळाला पाठीवर आणि सपाट गादीवरच झोपवायला सांगतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची ती शिफारस आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग इथल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं आणि वर विचारलं, उशीची शिवण उसवली तर मोहरी कुठे जाईल? नाकात, कानात. दुपटी मी अजून देते, पण बाळाला गुंडाळून घ्यायला, खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला. झोपलेल्या बाळावर सैल टाकायला नाही.

कापडाची बाहुली किंवा हत्ती शिवत असाल तर डोळ्यांना बटण लावू नका. साधारण सव्वा इंच व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, या हिशोबानेच खेळणी तपासली जातात. बटण तर त्याहून कितीतरी लहान असतं. डोळे दोऱ्याने भरा, भरतकामाचे डोळे जास्त बोलके दिसतात असं माझं मत आहे.

मोठ्यांच्या भेटींबद्दल एकच सांगते. ठाण्यातल्या एका मैत्रिणीसाठी महिनाभर खपून मी गोधडीकामाची पिशवी केली आणि पुढची दोन वर्षं भेटेल तेव्हा विचारत राहिले, पिशवी वापरतेस ना? शेवटी तीच म्हणाली, अगं, खांद्याच्या दुखण्यामुळे मला एका खांद्यावरची पिशवी घेताच येत नाही, पण तुला कसं सांगू? मी आधी विचारलं असतं तर तिला पाठीवरची शिवून दिली असती. आता आधी विचारते, माप घेते, रंग विचारते. भेट अचानक हातात पडण्यातली गंमत थोडी कमी होते, पण वस्तू वापरली जाते. आणि एकदा दिली की तिच्याबद्दल पुन्हा विचारत नाही.

तारखेचंही तसंच. बारशाला दोनच वस्तू द्या, उरलेल्या महिन्याने द्या, बाळ तोपर्यंत मोठंच झालेलं असतं. रात्री दहानंतर मी मशीनवर बसत नाही.

ते दुपटं भाचीने फेकलं नव्हतं. मी ते घरी आणलं, चारही बाजूंनी उसवलं, थर वेगळे केले आणि पुन्हा अंथरून हाताने धावदोरा घातला, गोधडीसारखा. सगळे दिवस धरून तीन आठवडे लागले. आता बाळ दीड वर्षाचं आहे आणि ते दुपटं घरभर ओढत फिरतं. मागच्या रविवारी भाची त्याला घेऊन डोंबिवलीला आली. तिच्या जावेला दिवाळीच्या आसपास बाळ व्हायचं आहे, आणि त्या बाळाचं पहिलं झबलं भाचीला स्वतः शिवायचं होतं. मी तिला उरेब पट्टी कापायला शिकवली, तिने गळा तीनदा उसवला. संध्याकाळी गाडीची वेळ झाली तशी ती उठली, पुन्हा खाली बसली आणि डबी पुढ्यात ओतून टाचण्या मोजायला लागली. बावीस झाल्या. मग आम्ही दोघींनी चटई झटकली.