चुंबक टक्कन बसलं

अठरा हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण मला जुना टोप विकणाऱ्या माणसानं माझ्याच गावाचा इतिहास वापरून फसवलं, हे जास्त सलतं.

13 सप्टेंबर 1948 ला, पोलीस ॲक्शनमध्ये, निजामाविरुद्ध सोलापूरहून निघालेली भारतीय फौज नळदुर्ग घेऊन उमरग्याकडं आली, हे आमच्याकडं घराघरात ठाऊक आहे. त्यानं नेमकं तेच धरलं. "सर, ह्यो टोप पोलीस ॲक्शनच्या वक्ताला बोरी नदीकाठी सापडलेला. पण मूळचा इंग्रजाचा, कूतच्या वेढ्यातला. आत बघा की, 1916 साल मारलंय." साल होतं. गंज होता. चामडी पट्टाही होता. मी नोटा मोजल्या.

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका संग्राहकानं फोनवर एवढंच विचारलं, "लोहचुंबक लावलंत का?" नातीच्या कंपासपेटीचं चुंबक काढून लावलं. टक्कन बसलं. ओढलं तर टोपच हलला. मी तसाच धरून उभा राहिलो. 1916 मधले ब्रिटिश ब्रॉडी टोप हॅडफील्डच्या मँगेनीज पोलादाचे. त्यात मँगेनीज सुमारे 12 टक्के, त्यामुळं चुंबक धरत नाही.

मग रात्रभर वाचत बसलो. पहिल्या महायुद्धातला, इराकमधल्या कूतचा वेढा डिसेंबर 1915 चा, शरणागती 29 एप्रिल 1916 ची. लोखंडी टोप तेव्हा फ्रान्सच्या खंदकांत नुकते वाटले जात होते; वेढ्यात अडकलेल्यांच्या डोक्यावर ते येणार कुठून? आमच्या मराठा पलटणींची माणसं तिथं उपाशी लढली. त्यांच्या नावावरही यानं पैसे काढले.

फोन केला. "बघतो सर." नंतर उचललाच नाही. शेवटी पाहुण्याच्या फोनवरून लावला, तर म्हणतो, "मी काय लिहून दिलतं का? तुमी शिकलेली माणसं, बघून घ्यायचं." शिकलेला होतो म्हणूनच साल वाचलं, तारखांवर विश्वास ठेवला. यात माझा गुन्हा काय?

म्हणून सांगतो. खिशात चुंबक ठेवा; मात्र ही कसोटी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश टोपासाठी, सरसकट सगळ्यांना लावू नका. हनुवटीचा पट्टा पाहा: जुन्याला चामड्याचा, 1938 नंतरच्या मार्क दोनला ताणला जाणारा कापडी. साहेबी सोला टोपी भेंडाची, हातात घेताच हलकी लागते. गंज पाहून भुलू नका, तो मीठ-पाण्यानं आठवड्यात चढतो. एका वस्तूला दोन लढाया चिकटवल्या असतील तर दोन्हींच्या तारखा ताडून पाहा. पावती घ्या, घाई करू नका.

आणि शंभर वर्षं जुनी वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावशेष ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो. तो मागा. मी मागितला असता तर हा माणूस दारातूनच परतला असता.

टोप घरीच आहे. परवा एकजण वीस हजाराला मागत होता, त्याला नळदुर्गची गोष्ट कुणीतरी सांगितली होती. दिला नाही. आतल्या बाजूला ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत 'नक्कल' लिहिलंय, साल मारलंय त्याच्यावरच.