भ्रमणध्वनीच्या लहरी आणि रिचार्जचा हिशेब

सत्तरी किंवा काणकोणसारख्या डोंगराळ तालुक्यांत एकाच घरातील दोन भ्रमणध्वनींपैकी एकावर बोलणे स्पष्ट ऐकू यावे आणि दुसरा मुका राहावा, असे घडू शकते. अशा वेळी यंत्रात दोष असेलच असे नाही. दोन कंपन्यांचे मनोरे वेगवेगळ्या जागी असतात आणि त्यांच्या लहरींचे पट्टेही भिन्न असू शकतात.

भ्रमणध्वनी आणि मनोरा यांमधील देवघेव रेडिओ लहरींद्वारे चालते. लहर एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते, त्या संख्येस वारंवारता म्हणतात. सेकंदाला दहा लक्ष कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ होय. भारतात या सेवेसाठी ७०० पासून ३३०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचे अनेक पट्टे, तसेच त्याहून पुष्कळ वरचा २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा नेमून देण्यात आला आहे.

जत्रेतील ढोल दूरच्या वाड्यावर ऐकू येतो, झांजेचा नाद मात्र वाटेतच विरतो. लहरींचेही काहीसे असेच आहे. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब, तर ३३०० मेगाहर्ट्‌झची अवघी ९ सेंटिमीटर असते. लांब लहर दूरवर पोचते, टेकडीला काही प्रमाणात वळसा घालते आणि चिऱ्याच्या जाड भिंतीतून आत शिरताना कमी क्षीण होते. आखूड लहरीचा पल्ला कमी. परंतु वरच्या पट्ट्यांत जागा अधिक रुंद मिळत असल्याने त्यांवरून डेटा विपुल वाहतो. म्हणून विरळ वस्तीच्या गावास खालचा पट्टा उपयोगी, तर गजबजलेल्या शहरास वरचाही आवश्यक ठरतो.

या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. त्यांच्या वापराचा हक्क केंद्र शासन लिलावाने ठरावीक मुदतीसाठी देते. त्यासाठी देशाचे २२ विभाग केलेले आहेत. गोवा हा महाराष्ट्राच्या विभागात, तर बेळगाव कर्नाटकाच्या विभागात मोडतो. त्यामुळे सीमा ओलांडताच त्याच कंपनीचे पट्टे बदललेले असू शकतात. २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झला एकही ग्राहक लाभला नव्हता. २०२२ च्या लिलावात मात्र एका कंपनीने तो सर्व विभागांसाठी घेतला. या लिलावात एकूण सुमारे १ लाख ५० हजार कोटी रुपयांची बोली झाली.

आता दरांकडे वळू. ३१ जुलै १९९५ रोजी देशात ही सेवा सुरू झाली, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत; २००३ पासून ते बंद झाले. डेटाचा सरासरी दर २०१४ साली जीबीला सुमारे २६९ रुपये होता. २०१६ मधील तीव्र स्पर्धेनंतर तो झपाट्याने उतरून २०१८ साली १२ रुपयांच्या आत आला. पुढे जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढविले.

तथापि स्वस्त दर म्हणजे कमी खर्च असे नव्हे. समजा, ३०० रुपयांत २८ दिवस, दररोज दीड जीबी मिळतो. कागदोपत्री ४२ जीबी झाले. म्हणजे जीबीला सुमारे ७ रुपये. परंतु घरी रोज अर्धाच जीबी लागत असेल आणि उरलेला मध्यरात्री बाद होत असेल, तर प्रत्यक्ष वापर १४ जीबी आणि दर सुमारे २१ रुपये पडतो. शिवाय २८ दिवसांच्या मुदतीने वर्षात १२ ऐवजी १३ वेळा पैसे भरावे लागतात. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास हे तेरावे रिचार्ज जाणवल्यावाचून राहत नाही.

यावर उपाय आहेत. ३० दिवसांच्या मुदतीचाही पर्याय ठेवावा, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ साली कंपन्यांना दिला. ज्यांना डेटाची गरज नाही, अशा वृद्धांसाठी व साध्या फोनधारकांसाठी केवळ बोलणे व लघुसंदेश यांचे व्हाउचर उपलब्ध करावे, असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला.

नवे सिमकार्ड घेण्यापूर्वी त्या कंपनीचा फोन असलेल्या शेजाऱ्यास घरी बोलावून आतल्या खोलीत तो लागतो का, हे पाहावे. रिचार्ज करताना मुदत व प्रत्यक्ष गरज यांचा हिशेब मांडावा. शिक्षकांनी हेच उदाहरण गणिताच्या तासाला घेतल्यास विद्यार्थ्यांमार्फत ही माहिती घरोघर सहज पोचेल.