पट्टी तुटलेली दिसते का?

बेबी, काल फोनवर तू हसण्यावारी नेलंस, पण शब्दकोड्याच्या चौकटी मधेच खचल्यासारख्या दिसतात, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. एकेक डोळा झाकून बघितलंस का? दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. मीही तीन महिने असेच घालवले.

आता थेट ओसीटी स्कॅनला पळू नकोस. मला एके ठिकाणी नुसता स्कॅनचा कागद हातात देऊन घरी पाठवलं होतं. 'मॅक्युलर होल', म्हणजे डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक, हे शब्द वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई रुग्णालयात जा नाहीतर कोथरूडात जवळपास कुठे, पण रेटिनाच्या डॉक्टरलाच दाखव आणि थेंब घालून तपासू दे. मला हनुवटी टेकवून बसवलं, प्रकाशाची बारीक उभी पट्टी पडद्याच्या बरोबर मध्यावर धरली आणि विचारलं, "सलग दिसते की तुटलेली?" तुटलेली होती गं! १९६९ पासूनची ही परीक्षा, खर्च शून्य. शिवाय मोतीबिंदू आहे का, पडदा कडेला कुठे फाटलाय का, हेही त्याच बैठकीत कळतं. मध्यावरच्या स्कॅनमध्ये ते येत नाही.

पण नुसत्या तपासणीवरही थांबू नकोस. पडद्यावर पातळ पापुद्रा आकसला की भोक नसताना भोकासारखं दिसतं, भले भले फसतात. ओसीटीत चिरोट्याच्या पदरांसारखे पडद्याचे थर उभे कापून दिसतात: पदर आरपार तुटलेत की नुसता खळगा पडलाय, ते तिथे कळतं. सुई नाही, एक्स-रे नाही. वर भोकाचं मापही मिळतं. ४०० मायक्रॉनच्या पुढे गेलं की मोठं म्हणतात. म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही बघ! अगदी सुरुवातीचं असेल तर कधी कधी नुसतं लक्ष ठेवतात, ते आपोआपही मिटतं.

ऑपरेशन ठरलंच, तर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो विरेपर्यंत विमान नाही, महाबळेश्वरही नाही. उंचीवर तो फुगतो. तुझी मे महिन्याची सहल आत्ताच जराशी पुढे ढकल.

शुक्रवारी रात्री माझ्याकडेच ये मुक्कामाला. ॲक्टिव्हा आणू नकोस, थेंबांनंतर उन्हात डोळे उघडवत नाहीत. तपासणीला रिक्षाने जाऊ. गॉगल आणि जुना चष्मा तेवढा पर्समध्ये टाक.