इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग : कारखानदार व कारागिरांच्या मुलांसाठी उपयुक्त शिक्षण

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरांतून दोनच नावे ऐकू येतात : डॉक्टर आणि कॉम्प्युटर. ज्यांच्या घरी माग, शिलाई मशीन किंवा छोटा कारखाना आहे, त्यांनी आणखी एका शाखेची माहिती घेणे जरूरीचे आहे. ती म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग.

मेकॅनिकल इंजिनीअर मुख्यतः यंत्राचा विचार करतो. इंडस्ट्रियल इंजिनीअर यंत्र, माणूस, माल, जागा आणि वेळ यांचा मेळ बसवतो. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्याचे काम बारकाईने पाहिले. एक वीट लावताना होणाऱ्या १८ हालचाली त्यांनी सुमारे ५ वर आणल्या. विटा सोयीच्या उंचीवर ठेवल्याने काम वाढले आणि गवंड्याचे वाकणेही वाचले.

मागाचा हिशेब

आता आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. माग मिनिटाला १५० पिक मारतो आणि कापड इंचाला ४० पिकांचे आहे. माग आठ तास न थांबता चालला तर ७२,००० पिक, म्हणजे १,८०० इंच, सुमारे ४५.७ मीटर कापड निघेल. पण धागा तुटतो, कांडी संपते, बीम बदलावा लागतो, जॉबरची वाट पाहावी लागते. त्यात किती वेळ गेला, हे आपण अंदाजाने सांगतो आणि बहुधा विणकरावर ठपका ठेवतो.

इंग्लंडच्या कापड उद्योगात एल. एच. सी. टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ साली यावर सोपी रीत मांडली. दिवसात वेगवेगळ्या वेळी अचानक फेरी मारायची आणि प्रत्येक माग चालू की बंद, बंद असल्यास का, एवढेच लिहायचे. समजा, २०० नोंदींत १५० वेळा माग चालू दिसला. म्हणजे तो ७५ टक्के चालतो आणि कापड सुमारे ३४ मीटरच मिळते. बंदच्या ५० नोंदींपैकी ३० वेळा ‘जॉबरची वाट’ हे कारण निघाले, तर दोष विणकराचा नसून व्यवस्थेचा आहे. मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराचीही रोजी त्यात बुडते.

काही मालक असे मोजमाप मजुराला पिळण्यासाठी वापरतात, ते गैर आहे. माप-तोलात इन्साफ ठेवा, ही आपली दीनी शिकवण आहे. वेळेच्या मापालाही ती लागू आहे, असे आम्ही मानतो.

प्रवेश कसा मिळतो?

बारावीला फिजिक्स व गणित घेऊन महाराष्ट्रात सीईटीद्वारे इंजिनीअरिंगला जाता येते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, हा मार्ग कारागिरांच्या मुलांना सोयीचा आहे. या नावाची शाखा जवळ नसेल तर प्रॉडक्शन किंवा मेकॅनिकल घ्यावे व पुढे या विषयात उच्च शिक्षण करावे. आयआयटी खरगपूरला ही पदवी आहे. आयआयटी मुंबईत एम.टेक. होते. १९६३ साली स्थापन झालेली मुंबईची ‘नीटी’ २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांनी गणित पक्के करावे आणि इंग्रजी तांत्रिक शब्दांची वही आठवीपासूनच ठेवावी.

पुढे काय?

तयार कपड्यांच्या कारखान्यात एका शर्टाला किती मिनिटे लागतात हे ठरवणे, पुणे-चाकणच्या वाहन कारखान्यांत उत्पादनाचे नियोजन, दर्जा तपासणी, भिवंडीच्या मोठ्या गोदामांत मालाची व्यवस्था, इस्पितळांचे नियोजन, अशी अनेक कामे मिळतात. मुलींनाही हे क्षेत्र खुले आहे. अनुभवानंतर लहान कारखान्यांचा सल्लागारही होता येते.

बंधूंनो, मुलगा किंवा मुलगी या शिक्षणाला गेली म्हणजे घरचा धंदा सुटला, असे समजू नका. सुट्टीत घरी आल्यावर त्यांच्या हाती एक वही द्या आणि आठवडाभर आपल्याच कारखान्यातल्या मागांची अशी नोंद करून घ्या. इन्शाअल्लाह, फीचा काही भाग तिथेच वसूल होईल.