घाटे अळीची वाढ व उष्णतेचा हिशेब

आपल्या जळकोट भागात तूर व हरभरा या पिकांचा मोठा शत्रू म्हणजे घाटे अळी होय. पतंग दिसल्यावर कितव्या दिवशी फवारावे, असा प्रश्न शेतकरीबंधू नेहमी करितात. त्यास एकच ठराविक उत्तर देता येत नाही. कारण अळीची वाढ दिवसांवर नसून हवेतील उबेवर अवलंबून असते.

हा हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल व किमान तापमान मिळवून निम्मे करावे. त्यातून ११ अंश वजा करावेत. त्याखाली अळीची वाढ जवळजवळ थांबते. बाकी राहील ती त्या दिवसाची जमा. अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत अळीस अशी सुमारे २१५ अंशांची जमा लागते.

निरभ्र थंडीत कमाल २८ व किमान १२ अंश असता सरासरी २० व जमा ९ येते. वाढीस सुमारे २४ दिवस लागतात. आभाळ येऊन किमान २० वर गेले, तर जमा १३ होते व तीच वाढ सुमारे १७ दिवसांत पुरी होते. मात्र ३५ अंशांपलीकडील कडक उष्मा अळीस पोषक नसून अपायकारकच असतो.

या आठवड्याच्या फरकाचे महत्त्व फार आहे. अळी सहा अवस्थांतून जाते व तिचे बहुतेक खाणे शेवटच्या दोन अवस्थांत होते. लहान अळी सौम्य औषधानेही मरते. घाट्यात डोके खुपसून बसलेली मोठी अळी सहसा दाद देत नाही.

सबब पुढील क्रम ठेवावा :

१. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सलग दोन-तीन दिवस सापडल्यास अंडी शोधावीत. सरासरी २० अंश असता ती पाच-सहा दिवसांत, २४ अंश असता सुमारे चार दिवसांत उबतात.

२. अंडी उबल्यापासून रोजची जमा वहीत मांडावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या हवामान-सल्ल्याचा यास उपयोग होतो.

३. जमा ७० अंशांच्या आत असतानाच पाहणी करावी. ही मुदत थंडीत आठ दिवसांची, तर आभाळी हवेत पाचच दिवसांची असते. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या आढळल्यास ५ टक्के निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही विषाणू फवारावा. विषाणू उन्हाने निकामी होतो. यास्तव तो सायंकाळीच फवारणे इष्ट.

थंडीत अचानक आभाळ भरून आले की पंचांगापेक्षा ही वही आधी उघडावी, एवढीच विनंती.