किनारा एक, नियम दोन?

प्रश्न : अलिबाग तालुक्यात आमची खानावळ आहे. झावळ्यांच्या मांडवासाठी आम्हाला नोटीस आली. शेजारच्या रिसॉर्टची भिंत पुळणीत उभी, सांडपाणीही तिथेच. दाद कुठे मागावी?

उत्तर : दुसऱ्याला सूट मिळाली म्हणून आपले विनापरवाना बांधकाम कायदेशीर ठरत नाही, आधी नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. मग माहिती अधिकारात रिसॉर्टची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) परवानगी आणि भरतीरेषा दाखवणारा नकाशा मागा. तारखेसह फोटो जोडून भिंतीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे, सांडपाण्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा, पोच घ्याच. दखल घेतली नाही, तर पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचे खंडपीठ आहे. तिथे सहसा वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. नियम दुबळ्यांपुरता उरला, तर किनारा वाचणार नाही.