समुद्रावर मुलांचे व पाखरांचे फोटो कसे काढावेत



आपल्या वडप्यातून समुद्र दिसत नाही. आपल्याला दिसतो तो हायवे आणि गोदामांचे पत्रे. पण सहल निघाली की ती समुद्रावर जाते आणि तिथे गेल्यावर सगळ्या मोठ्या माणसांच्या हातात मोबाइल येतो. घरी येऊन बघावे तर मुलांची तोंडे काळी, पाखरू म्हणजे एक ठिपका आणि समुद्र असा वाकडा की जसा काय आता सांडणार आहे. असे का होते ते या लेखात लिहिले आहे. काही माहिती बाईंनी सांगितली, काही माझ्या आजोबांनी सांगितली आणि काही आम्ही पौषात अर्नाळ्याच्या सहलीत डोळ्यांनी पाहिली.

प्रथम उजेड. आपल्या महाराष्ट्राचा समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य सुरूच्या झाडांच्या मागून वर येतो. तेव्हा आपण समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो तर ऊन आपल्या पाठीवर आणि समोरच्या पाखरावर पडते. त्याची चोच, पाय, डोळा, सगळे स्वच्छ दिसते. संध्याकाळी उलटे होते. सूर्य पाण्यावर येतो आणि पाण्याच्या बाजूचा मुलगा काळा पडतो. मग मुलाला समुद्राकडे तोंड करून उभे करावे व आपण पाण्याच्या बाजूला जावे. पण तेव्हा लाटा आपल्या पाठीमागे असतात, म्हणून दुसऱ्या कोणीतरी लाटांवर लक्ष ठेवायचे.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ही सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हीच कोणी बघत नाही. ओहोटीला पाणी लांब जाते, तशी पाखरेही चिखलात लांब जातात. भरती येऊ लागली की पाणी त्यांना हळूहळू काठाकडे आणते. आपण एका जागी बसून राहिलो तर ती आपोआप जवळ येतात. भरतीची वेळ काढायला आमच्या आजोबांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. आजोबांना पाऊणकी पाठ आहे. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. सकाळची एक भरती आणि संध्याकाळची एक. थोडा पुढेमागे फरक पडतो. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

आता गंमत बघा. द्वादशीला सकाळी नऊला भरती, म्हणजे सात वाजल्यापासून पाखरे काठाकडे येणार आणि ऊनही तेव्हा आपल्या पाठीकडून येणार. म्हणून फोटोसाठी दशमी ते द्वादशी हे दिवस चांगले. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते. पाणी उधाणाचे, ऊन डोक्यावर, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या.

अर्नाळ्याला आम्ही जास्त पाहिले ते कुरव पक्षी. बाईंनी सांगितले की तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या तलावांवर अंडी घालतो व हिवाळ्यात आपल्याकडे येतो. तिकडे तेव्हा पाणी गोठते. पण आम्ही पाहिलेल्या एकाचेही डोके तपकिरी नव्हते! पांढरे होते आणि डोळ्यामागे एक काळा डाग. हिवाळ्यात त्याचे डोके असेच असते. मार्च-एप्रिलमध्ये परत जायच्या आधी ते तपकिरी होते. म्हणून फोटोत तो डाग आला पाहिजे, नायतर कोणता पक्षी ते ओळखता येत नाही.

काही मंडळी काय करतात, बाळाला म्हणतात, “पळ पळ, पाखरांना उडव,” आणि उडाली की फोटो काढतात. फोटो छान येतो, हे खरे आहे. पण तुतवार आणि चिखल्या हे छोटे पक्षी ओहोटीच्या चिखलातच किडे शोधतात. तो चिखल उघडा असतो थोडेच तास. तेवढ्यात पोट भरायचे आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची. दर पाच मिनिटांनी कोणी उडवले तर ते खाणार कधी? आपल्याला जेवताना दहा वेळा उठवले तर आपण रडू. एक मावशी वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या, त्या ओरडल्या, “पोरांनो, पाखरां बसलीत तं बसूं द्या!” बोटीतून कुरवांना शेव-गाठ्या टाकतात, तेही मला पटत नाही. त्यांचे खाणे मासे, खेकडे, किडे. तेलकट-खारट शेव नाही.

पक्षी उडताना हवा असेल तर थांबावे, कधीतरी तो आपला आपण उडतोच. डॉ. सालीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी आडोशाला बसून बघितली होती, असे बाई म्हणाल्या. तेवढे आपल्याला जमणार नाही, पण अर्धा तास गप्प बसता येईल. (आमच्या वर्गात दोघांना तेही येणार नाही. नावे लिहीत नाही.)

मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ओढून फार मोठे करू नये, ते फुटते. पाखरू लहान आले तरी चालेल, पण स्पष्ट यावे. समुद्राची रेघ आडवी सरळ धरावी. खाऱ्या वाऱ्याने काच धुरकट होते, ती मऊ फडक्याने पुसावी.

मुलांचे फोटो उभ्याने काढले की नुसती डोकी येतात. मोठ्यांनी वाळूत गुडघे टेकून मुलाच्या डोळ्यांएवढे खाली यावे. “हस, हस” म्हणू नये. त्याने आम्ही खोटे हसतो व दात फक्त दिसतात. वाळूचा किल्ला करताना, शिंपले मोजताना काढावेत. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या आईला विचारल्याशिवाय काढू नये. ती नाही म्हणाली तर मोबाइल खिशात.

ज्यांना रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे आहेत, त्यांना लांब जायला नको. ठाण्याच्या खाडीत ते हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात. तिथे २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ साली ते रामसर यादीत आले. ऐरोलीहून बोटीने नेतात. शेवाळ आणि बारीक कोळंब्या खाऊन त्यांचा रंग गुलाबी होतो. बोटीतही उभे राहू नये, ओरडू नये.

सरावासाठी आपल्या भातशेतातले बगळे आणि तारेवरचा खंड्या पुष्कळ झाले. सकाळी शाळेत येताना सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघून मोठ्यांकडून एकेक फोटो काढून घ्या. चांगले निघालेले बाईंकडे द्या, पुढच्या अंकात याच जागी चिकटवू. पुढच्या सहलीची तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघायची, असे बाईंनी कबूल केले आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी